व्हिटवर्थची रायफल आणि तिची परीक्षा

भिलाईसारख्या पोलादनगरीत राहणाऱ्या मराठी वाचकास व्हिटवर्थ हे नाव बोल्टांच्या आट्यांवरून परिचित असते. १८४१ साली आट्यांचे प्रमाण ठरवून देणाऱ्या या मँचेस्टरच्या यंत्रज्ञाने पुढे रायफलही घडविली, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

१८५७ साली इंग्लंडात हाइथ येथे तिची एन्फील्ड रायफलीशी तुलना झाली. एन्फील्डच्या नळीचा व्यास .५७७ इंच, व्हिटवर्थचा.४५१ इंच व छेद षट्कोनी. गोळी लांबट आणि नळीतील पीळ अधिक, त्यामुळे पाचशे यार्डांवर तिचा नेम कितीतरी पटीने सरस ठरला. तथापि सैन्याने ती स्वीकारली नाही. ती महाग होती, आणि काही बारांनंतर नळीत काजळी साचून गोळी ठासणे कठीण होई.

उलट त्याच वर्षी, १२ जुलै रोजी, फत्तेपूर येथे नानासाहेब पेशव्यांच्या फौजेवर हॅवलॉकच्या शिपायांनी एन्फील्ड चालविली, तीही जुन्या बंदुकांचा मारा पोहोचू नये इतक्या अंतरावरून. कमी अचूक, पण शेकडो हातांत पडलेले ते हत्यार निर्णायक ठरले.

व्हिटवर्थला मान मिळाला तो स्पर्धेत. १८६० साली विम्बल्डनच्या पहिल्या मेळाव्यात राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवर पहिला बार तिच्यातूनच काढला.

म्हणून हत्याराची परीक्षा करण्यापूर्वी त्याचे काम ठरवावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यातील ५.६ मिलिमीटरची रायफल रणांगणावर कोणी नेणार नाही. ५० मीटरवरील लक्ष्यासाठी मात्र तिच्यावाचून चालत नाही.