शृंखलाभंग (बहुवारिकांतील)

बहुवारिकाच्या रेणूतील लांब साखळी ऊन, उष्णता, ऑक्सिजन किंवा ताण यांमुळे मध्येच तुटण्याची प्रक्रिया. जत (जि. सांगली) या अवर्षणप्रवण तालुक्यात ती शेततळ्याच्या काठावर पाहायला मिळते. डाळिंब-द्राक्षांच्या बागा तगवण्यासाठी साठवलेले पाणी मुरू नये म्हणून तळ्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात. तो बहुधा 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. पाण्याखालचा कागद मऊ राहतो. पाणी आटल्यावर उघडा पडणारा काठाचा कागद आधी घडीवर चिरतो. जाडी दोन्हीकडे तीच. कमी झालेली असते ती साखळीची लांबी.

हा कागद पॉलिएथिलिनचा, म्हणजे एथिलिनच्या एककांच्या साखळ्यांचा असतो. एथिलिनचा रेणुभार 28. त्यामुळे 2,80,000 रेणुभाराच्या पॉलिएथिलिन साखळीत 10,000 एकके असतात. मधोमध एकच बंध तुटला तरी रेणुभार निम्म्यावर येतो. कागदाच्या वजनात किंवा रंगात यातले काही दिसत नाही. चिवटपणा मात्र जातो. साखळ्यांचा आपसातला गुंता आणि एका स्फटिकातून निघून दुसऱ्यात शिरणाऱ्या साखळ्या यांवरच तो अवलंबून असतो. ऑक्सिजन स्फटिकात शिरत नाही, त्यामुळे घाव नेमका या दुव्यांवर बसतो. सुटे झालेले तुकडे शेजारच्या स्फटिकांना चिकटतात आणि कागद किंचित घट्ट, कडक होतो. हा कडकपणा मजबुतीचा नव्हे, ठिसूळपणाचा.

शुद्ध पॉलिएथिलिन अतिनील किरण जवळजवळ शोषत नाही. निर्मितीत राहिलेले कार्बोनिल गट आणि उत्प्रेरकाचे अंश ते शोषतात, मुक्त मूलके तयार होतात आणि ऑक्सिजन पुढचे काम करतो. दोन-अडीच टक्के काजळी मिसळली की प्रकाश पृष्ठभागावरच अडतो. पॉलिप्रॉपिलिनमध्ये एकाआड एक कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. म्हणून बांधावर टाकलेल्या खताच्या पांढऱ्या, पॉलिप्रॉपिलिनच्या पोत्याचा हातात भुगा होतो.

पारदर्शक आच्छादनात काजळी चालत नाही, तिथे अमाइन वर्गातील स्थिरक घालतात. द्राक्षबागेतील गंधकाची फवारणी किंवा बेदाण्याला दिलेली गंधकाची धुरी यांतून तयार होणारी आम्ले हे स्थिरक निकामी करतात. विक्रेता हे क्वचितच सांगतो.

चिरलेल्या कागदाला ठिगळ लावताना ऑक्सिडीभूत थर घासून काढावा लागतो, नाहीतर जोड नीट धरत नाही. साखळ्या आतपर्यंत तुटल्या असतील, तर जोड टिकूनही कागद शेजारी फाटतो.