नाव अजिंक्य, गाव सातारा

चढ म्हणजे काय, हे सांगलीकराला आयर्विन पुलापलीकडे ठाऊक नसते. आमचा गणेशदुर्गही भुईकोट. किल्ल्यात जायचे ते कचेरीच्या कामाला, तेही सायकलवरून. त्यामुळे साताऱ्याला बदली झाली आणि सांगलीचे पाहुणे दर रविवारी ‘‘दाजी, किल्ला दाखवा की!’’ म्हणू लागले, तेव्हा मी मुकाट चढायला शिकलो. अजिंक्यतारा गावाच्या उशालाच आहे. पहाटे तिथे साताऱ्यातले निम्मे मधुमेही भेटतात.

वर पोचताच मेहुण्याने विचारले, ‘‘अजिंक्य ना? मग कुणीच जिंकला नाही?’’

कॉमर्सचा माणूस अशा वेळी यादी काढतो. बांधला शिलाहार भोजाने. १६७३ साली शिवाजीमहाराजांनी घेतला, १७०० साली औरंगजेबाने, मग ताराबाईंनी, १७०८ साली शाहूमहाराजांनी आणि १८१८ साली इंग्रजांनी. इतके हात तर आमच्या शाखेतल्या स्टॅपलरनेही बदललेले नाहीत!

खरी गंमत औरंगजेबाच्या वेढ्याची. १६९९च्या डिसेंबरात ऐंशी ओलांडलेला बादशहा जातीने पायथ्याशी येऊन बसला. पश्चिमेला शहजादा आझमशहा, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. आतले धान्य संपत आले, तरी किल्ला हलेना. ग्रँट डफ (हा पुढे साताऱ्यालाच रेसिडेंट होता) लिहितो, की परळीहून परशुराम त्र्यंबकांनी आझमशहाची डोळेझाक विकत घेतली आणि दाणागोटा वर जात राहिला. ओव्हरड्राफ्ट म्हणतात तो हाच!

एप्रिलात मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्याने तट आत कोसळला, प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि चक्क जिवंत निघाले. दुसऱ्याने तट उलटा बाहेर पडला, तो चढाईला सज्ज उभ्या असलेल्या मोगलांवरच. दीड-दोन हजार माणसे गेली म्हणतात. पण मार्चमध्ये सिंहगडावर राजाराममहाराज वारले होते; त्या बातमीने धीर खचला आणि एप्रिल संपायच्या आत किल्ला खाली झाला. बादशहाने नाव ठेवले आझमतारा. म्हणजे ज्याने पैसे खाऊन दाणे सोडले, पाटी त्याचीच! असे प्रमोशन मी जवळून पाहिले आहे. जास्त बोलत नाही.

ताराबाईंच्या वाड्याच्या पडक्या जोत्यापाशी सासूबाई टेकल्या. त्यांना मी रामराजाची हकिकत सांगितली. शाहूमहाराजांना मुलगा नव्हता, म्हणून ताराबाईंनी ‘हा माझा नातू’ असे सांगून रामराजा पुढे आणला. तो गादीवर बसला, पण आजीच्या मुठीत येईना. १७५० साली पंचाहत्तरीच्या आजीने त्याला या किल्ल्यावर कोंडले आणि वर जाहीर केले, की हा माझा नातूच नव्हे.

मेहुणा म्हणाला, ‘‘राजकारण, दाजी!’’

सासूबाई मात्र जोत्यावरून हात फिरवत म्हणाल्या, ‘‘त्या पोराला जेवायला कोण वाढत होतं हो?’’

ग्रँट डफची सारी पाने मनात उलटून पाहिली. मग म्हटले, ‘‘चला, ऊन वाढायच्या आत उतरू.’’ त्या आणखी थोडा वेळ बसून राहिल्या.