सीट-स्थिती सेन्सर, मोटारगाडीतील

विजेवर सरकणाऱ्या सीटच्या हालचालीची माहिती नियंत्रकाला पुरवणारे साधन. जुन्या काही गाड्यांत ते पोटेन्शिओमीटरचे असे. मेमरी असलेल्या अलीकडच्या बहुतेक सीटमध्ये ते एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या हॉल परिणामावर चालते. मोटरबरोबर फिरणाऱ्या चुंबकामुळे सेन्सरमधून विद्युत स्पंद निघतात आणि नियंत्रक ते मोजतो. सीट नेमकी कुठे आहे हे असा सेन्सर सांगत नाही. मोटर किती फिरली एवढेच सांगतो. जागा ठरते ती नियंत्रकाच्या बेरीज-वजाबाकीतून, आणि बिघाड शोधताना हाच फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

निदान. बटण दाबल्यावर सीट थोडी सरकून थांबते, पुन्हा दाबल्यावर पुन्हा थोडी सरकते, हे नेहमीचे लक्षण. वीज दिली तरी स्पंद येत नाहीत, म्हणजे मोटर अडकली, असे समजून नियंत्रक पुरवठा तोडतो. पण रुळात नाणे किंवा कचरा अडकून मोटर खरोखरच थांबली, तरीही स्पंद थांबतात. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत मोजणीच पुसली जाते. म्हणून लक्षणावरून सेन्सरला दोष देणे घाईचे आहे. स्कॅनरवरच्या फॉल्ट कोडमध्ये सेन्सरचे नाव असते, मग शंका कशाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु कोड साधारणपणे सर्किटकडे बोट दाखवतो, आणि त्या सर्किटमध्ये वायर, कनेक्टर व नियंत्रकही येतात. खरी कसोटी म्हणजे सीट सरकत असताना स्कॅनरवरचा स्थितीचा आकडा बदलतो का, हे पाहणे. सीट सरकते आणि आकडा ढिम्म राहतो, तर सिग्नल हरवला आहे. मग सीटखालची वायर आधी तपासावी, कारण सीटबरोबर ती सतत वाकते, चेपते आणि वरचे आवरण शाबूत असतानाही आतून तुटू शकते. त्यानंतर सेन्सरचा पुरवठा आणि अर्थिंग मोजावे. स्पंदांसाठी ऑसिलोस्कोप हवा; मल्टिमीटर वेगवान स्पंदांची केवळ सरासरी दाखवतो.

दुरुस्ती. सेन्सर अनेकदा सुटा मिळत नाही, तेव्हा शोधाशोध करण्यापेक्षा थेट मोटर बदलणे स्वस्त पडते, असे वर्कशॉपचे म्हणणे असते. वायरिंग निर्दोष ठरल्यावर ते मान्य करता येते, त्याआधी नाही. वायर तुटलेली असेल तर नवी मोटरही तशीच अडखळेल आणि ग्राहकाला मात्र पूर्ण मोटरचे पैसे भरावे लागतील. तुटलेली वायर सोल्डर करून, हीट-श्रिंक नळी चढवून, हालचालीपुरती ढिली बांधावी. शेवटी निर्मात्याच्या पद्धतीने सीट दोन्ही टोकांपर्यंत नेऊन मोजणी नव्याने बसवावी लागते.

सुरक्षितता. सीटखालचे पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे किंवा सीटबेल्ट-ताणकाचे असतात. बॅटरीची ऋण तार काढून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि त्यांवर मल्टिमीटर कधीच लावू नये.

इतर प्रकार. शेजारच्या सीटवर कोणी बसले आहे का हे ओळखणारा सेन्सर हे वेगळे साधन आहे.