नेसफील्डचे रकाने आणि मराठीतील शब्दयोगी अव्यये

इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षेत वाक्यातील एखादा पदबंध कोणत्या शब्दाचे विशेषण करतो, हा प्रश्न आजही हमखास विचारला जातो. भारतीय शाळांत हा प्रश्न ज्या साच्यातून रुजला त्याच्या इतिहासात लखनौचा वाटा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

१८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले आणि १८७७ पर्यंत हा प्रांत लखनौ येथील चीफ कमिशनरच्या अमलाखाली राहिला. या कालखंडाच्या अखेरीस प्रांताच्या शिक्षण खात्याचे संचालक होते जॉन कॉलिन्सन नेसफील्ड. अवधात १८७६ साली आढळलेल्या संस्कृत हस्तलिखितांची यादी त्यांनी पंडित देवीप्रसाद यांच्या साहाय्याने सिद्ध केली. १८८५ मध्ये वायव्य प्रांत व अवध येथील जातिव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. आणि १८९५ पासून हिंदी विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांसाठी, त्यांची इंग्रजी व्याकरणे प्रसिद्ध होऊ लागली. हस्तलिखिते, जाती आणि वाक्ये या तिन्हींची वर्गवारी एकाच हाताने व्हावी, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

नेसफील्ड यांच्या वाक्यपृथक्करणात कर्तृपद, त्याचा विस्तार (‘एन्लार्जमेंट’), क्रियापद, त्याची पूर्ती आणि त्याचा विस्तार (‘एक्स्टेन्शन’) असे रकाने आखलेले असतात. आराखडा मूळचा त्यांचा नव्हे, तो जे. डी. मोरेल यांच्या १८५२ च्या वाक्यपृथक्करणावरील पुस्तकाशी जाऊन भिडतो. मराठी शालेय व्याकरणातील उद्देश्यविस्तार, विधेयविस्तार व विधानपूरक या संज्ञा याच कुळातील होत.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीत ‘प्रेपोझिशन’ने सुरू होणारा पदबंध रूपाने एकच असतो, तो विशेषणाचे काम करतो की क्रियाविशेषणाचे, हे स्थानावरून आणि अर्थावरून ठरवावे लागते. ‘द बॉय सॉ अ स्नेक ऑन द रूफ’ या वाक्यातील ‘ऑन द रूफ’ सापाच्या रकान्यात घालावे की पाहण्याच्या, याचा निर्णय वाक्य एकट्याने देत नाही. मराठीत मात्र वक्त्याला तो निर्णय बोलतानाच घ्यावा लागतो: ‘मुलाने गच्चीवर साप पाहिला’ अथवा ‘मुलाने गच्चीवरचा साप पाहिला’. घरात व घरातील, झाडाखाली व झाडाखालचा, कालपासून व कालपासूनचा, या जोड्यांतही हाच भेद ‘चा’, ‘ला’, ‘ईल’ या प्रत्ययांनी दाखवला जातो. अर्थात सर्वच अव्यये इतकी आज्ञाधारक नाहीत. ‘मुळे’ला ‘चा’ लागत नाही. तेथे ‘पावसामुळे झालेले नुकसान’ असे धातुसाधित मध्ये आणावे लागते. हा अपवादही बोलका आहे, कारण नामाशी नाते जोडण्यासाठी मराठी तेथेही उघड खूण मागतेच.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये महाराष्ट्र भाषेचे व्याकरण सिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे संस्कृत परंपरेबरोबर इंग्रजी व्याकरणाचा नमुनाही होता. ‘प्रेपोझिशन’ या शब्दातील ‘पूर्वी ठेवलेले’ हा अर्थ मराठीला लागू पडत नाही, कारण आपली अव्यये नामाच्या मागून येतात. मराठीत रूढ झालेल्या ‘शब्दयोगी अव्यय’ या संज्ञेत स्थानाचा उल्लेख नाही, योगाचा आहे. ही निवड मार्मिक होती. वाक्यपृथक्करणाचे रकाने घेताना तितके भान राखले गेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यातील जो भेद मराठी रूपातच सांगते, तो विद्यार्थ्याला कोष्टकात भरण्यापुरता शिकवला गेला.

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथाचे ऋण कामताप्रसाद गुरू यांनी आपल्या ‘हिंदी व्याकरण’ (१९२०) या ग्रंथात मान्य केले आहे. म्हणजे विश्लेषणाची दृष्टी मराठीतून उत्तरेकडेही गेली. हिंदीत ‘छत पर साँप’ आणि ‘छत पर का साँप’ या जोडीतील दुसरे रूप मराठीइतके सहज वापरात नाही; तेथे ‘छत पर बैठा साँप’ असे काहीतरी म्हणावे लागते. स्पर्धा-परीक्षेच्या तयारीत लखनौचा विद्यार्थी ‘ऑन द रूफ’पाशी अडखळतो, तसा मराठी विद्यार्थीही अडखळतो; परंतु मराठी विद्यार्थ्याने ते वाक्य मनात मराठीत फिरवून पाहिले, तर ‘गच्चीवर’ की ‘गच्चीवरचा’ हा प्रश्न त्याची भाषाच त्याला विचारते.