कैकेयीचं बोट आणि लॉक वायर

लहानपणी आजी कैकेयीची गोष्ट सांगायची. ऐन युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निसटली, चाक निखळणार इतक्यात कैकेयीने तिथे स्वतःचं बोट घातलं आणि रथ सावरला. त्याबद्दल तिला दोन वर मिळाले. त्या वरांमुळे पुढे काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण सुरुवात एका निसटलेल्या खिळीपासून झाली, हे कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही.

परवा रत्नागिरीला, काकांच्या गाडीखाली आडवा पडलो असताना ही गोष्ट पुन्हा आठवली.

नातेवाईक मंडळींना ही गाडी माहीत आहेच, इतरांसाठी सांगतो. 2003 साली काकांनी ती घरीच बांधली. पाइपची चौकट, भंगारातलं इंजिन, मोटारसायकलच्या ब्रेक डिस्क आणि लेथवर कातून घेतलेले हब. डिस्क हबला सहा बोल्टांनी बसवलेली. गाडी रस्त्यावर कधीच आणली नाही. आमच्याच सड्यावर आणि कलमांच्या बागेतल्या उतारावर फिरवायची. बोल्ट आवळायचं काम माझ्याकडे होतं. मी हाताच्या अंदाजाने आवळले आणि "झालं" म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी मी गाडी चालवत होतो, शेजारी चुलत बहीण. उतारावर ब्रेक दाबला की खट्‌खट् असा आवाज येऊ लागला. कशीबशी गाडी बांधाला टेकवून थांबवली. पाहतो तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट गायब आणि तिसरा बोटाने फिरत होता.

काका रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ते हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांना घेऊन आले. त्यांच्या खिशात बारीक स्टीलच्या तारेचं वेटोळं होतं.

बोल्ट सैल का होतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगातून दाखवलं, की जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की बोल्ट आपोआप उलटा फिरतो. नुसत्या ओढीपेक्षा ही आडवी हालचाल वाईट. ब्रेकच्या डिस्कवर नेमकं हेच होतं: दाबला की एकीकडे झटका, सोडला की सुटका, आणि वर ताप आणि गार होणं. डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनी. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण तिचा बोलबाला झाला तो 1953 मध्ये डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने ल माँची शर्यत जिंकल्यावर.

सैल होणाऱ्या बोल्टावरचे उपाय मात्र आपल्या बैलगाडीच्या खिळीचेच वंशज. स्प्लिट पिन ही सरळसरळ खीळच. 1953 मध्येच अमेरिकेत व्हर्नन क्रीबल यांनी आट्यांमध्ये हवा नसताना घट्ट होणारा द्रव शोधला. तो पुढे 'लॉकटाइट' नावाने घरोघरच्या गॅरेजात पोचला. आणि विमानवाल्यांची लॉक वायर. बोल्टच्या डोक्याला आरपार भोक पाडायचं, तार ओवायची, तिला पीळ देत शेजारच्या बोल्टपर्यंत न्यायची. तार अशा बाजूने न्यायची की एक बोल्ट सुटू लागला तर दुसरा आवळला जाईल. उलट्या बाजूने नेली तर ती असून नसल्यासारखी.

त्या शेजाऱ्यांनी तेव्हा सांगितलेली एक गोष्ट अजून आठवते. तार बोल्टला घट्ट ठेवत नाही, फक्त पळून जाऊ देत नाही. घट्ट करायचं काम पान्याचंच, तेही मापाने. म्हणजे माझ्या अंदाजी आवळण्यावर तार हा उतारा नव्हताच.

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरच्या पुढे गेलं की इचलकरंजी. तिथल्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये 'मीरा' ही छोटी मोटार बनवली, पुढे तिची नवनवी रूपं काढली, सत्तरच्या दशकात मुंबईला नेऊन दाखवली. कारखान्यातून ती कधीच बाहेर पडली नाही. अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप केली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि 2022 च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. आपण या माणसांच्या गोष्टी सांगतो त्या इंजिनाच्या, किमतीच्या, मायलेजच्या. बोल्ट कसे धरून ठेवले होते, हे कुणी विचारत नाही. पुण्याची एआरएआय ही संस्था 1966 पासून आहे, गाड्यांच्या चाचण्या तिथे होतात. त्या नियमांचा मलाही पूर्वी राग यायचा. बांधाला टेकलेली ती गाडी आठवली की राग ओसरतो.

काका आता नाहीत. बहिणीचा मुलगा सतरा वर्षांचा झालाय, त्याला गाडी चालू करायची आहे. "मामा, वायर कशाला, लॉकटाइट लावू ना," म्हणाला. हरकत नव्हती, तोही चांगला उपाय आहे. पण तार बसलीय की नाही हे डोळ्यांना दिसतं, आत लावलेला द्रव दिसत नाही. आणि मी एकदा न बघता "झालं" म्हटलेलं आहे.

काकांनी पिळलेली जुनी तार कापली. एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नसते. सहाही बोल्ट टॉर्क पान्याने त्याच्याकडून आवळून घेतले, नवी तार दोघांनी मिळून ओवली. पहिल्यांदा उलटी गेली, कापून पुन्हा घातली. चारही चाकं व्हायला संध्याकाळ झाली.

मग बागेच्या उतारावर तोच चालवत होता. शेजारी त्याची आई बसली, तिनेच हट्ट धरला. खाली पोचल्यावर तिने मला वरूनच ओरडून विचारलं, "तार बघायची का पुन्हा?"

बघितली. जागच्या जागी होती.