अभिव्यक्तिस्वातंत्र्य (भारतीय संविधान)

भारतीय संविधानाचा अनुच्छेद १९(१)(क) नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो. त्याच्या मर्यादा १९(२)मध्ये आहेत.

मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंदी घातली. संपादक रमेश थापर यांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठले आणि १९५० साली ती बंदी रद्द झाली. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे नवे कारण घातले. मात्र निर्बंध ‘वाजवी’ हवेत ही अटही त्याच दुरुस्तीने आली, आणि नागरिकाची खरी ढाल तीच.

२०१२मध्ये मुंबई बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरामुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. या अटकेत वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे मोघम शब्दांतले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले.