डेक्कन कॉलेज : एका दक्षिणेची कथा



मुळा-मुठेच्या पलीकडे येरवड्यास डेक्कन कॉलेजची दगडी इमारत उभी आहे. शाळेंत इतिहास शिकवीत असतां मी मुलांना विचारीत असें, "हें कॉलेज कोणीं काढलें?" "इंग्रजांनीं," असें उत्तर ठरलेलें असे. तें खोटें नव्हे. पण अर्धेंच खरें आहे.

याचें मूळ पेशवाईंत सांपडतें. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं विद्वान् ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा प्रघात पाडला व पुढें पेशव्यांनीं तो श्रावणमासीं पुण्यांत चालविला. १८१८ सालीं राज्य गेलें. दक्षिणा एकाएकीं बंद केल्यास लोक दुखावतील, हें नव्या राज्यकर्त्यांनीं ओळखलें आणि त्याच रकमेचा कांहीं भाग वेगळा काढून १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. दुसऱ्या बाजीरावाच्या विलासासाठीं बांधलेल्या वाड्यांत शास्त्री व्याकरण आणि न्याय शिकवूं लागले! १८५१ सालीं या पाठशाळेंत इंग्रजी शाळा मिळविण्यांत आली व तिचें पूना कॉलेज झालें. १८६४ सालीं डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें. १८६८ सालीं तें येरवड्याच्या नव्या इमारतींत गेलें. त्या इमारतीस जिजीभाई घराण्याच्या मोठ्या देणगीचा आधार होता.

येथें रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं संस्कृत शिकविलें. टिळक आणि आगरकर येथेंच शिकले. परिसरांतील टेकड्यांवर फिरतांना त्यांनीं शिक्षणास वाहून घेण्याचा निश्चय केला, आणि चिपळूणकरांच्या साह्यानें १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें.

अशी ही संस्था सरकारनें १९३४ सालीं बंद केली. शतकाहून जुना दिवा विझला. परंतु माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहींत. लोकांनीं ज्या कार्यासाठीं पैसा दिला, तें कार्य सरकारला मनास येईल तेव्हां मोडतां येत नाहीं, असें म्हणून त्यांनीं न्यायालयांत दाद मागितली. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजीं दारें पुन्हां उघडलीं. मात्र आतां पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून.

पुढचें काम तर आपल्या घरचेंच आहे. भाषाशास्त्रांत डॉ. कत्रे, समाजशास्त्रांत इरावतीबाई कर्वे आणि पुरातत्त्वांत डॉ. सांकलिया यांनीं तेथें पाया घातला. जोर्वें, नेवासें, इनामगांव येथील उत्खननांतून तीन हजार वर्षांपूर्वींच्या महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांचीं घरें, भांडीं आणि धान्य उजेडांत आलें. ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेल्या संस्कृत महाकोशाचें काम १९४८ सालीं सुरू झालें. त्याचा पहिला भाग १९७६ सालीं निघाला. १९९० सालीं संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

तेव्हां मुलांच्या प्रश्नाचें पुरें उत्तर असें : दाभाड्यांचा प्रघात, पेशव्यांची दक्षिणा, इंग्रजांची व्यवस्था, दात्यांचें धन, आणि मोडलेलें घर पुन्हां उभें करणारे जुने विद्यार्थी. यांतील शेवटचें नांव मी वर्गांत मुद्दाम दोनदां सांगत असें. आपण ज्या शाळेंत अक्षरें गिरविलीं, तिच्या भिंती अजून धड आहेत ना, हें श्रोत्यांनीं एकदां जाऊन पाहावें, एवढीच या निवृत्त मास्तराची विनंति आहे.